हातांनी मानलेले आभार

आश्विन लागतो तेव्हा महाराष्ट्रातला पाऊस परतीच्या वाटेवर असतो. हवामान खात्यानं २०२० मध्ये सुधारलेल्या सरासरी तारखांनुसार मोसमी वारे १७ सप्टेंबरच्या सुमारास पश्चिम राजस्थानातून माघार घेऊ लागतात आणि ८ ऑक्टोबरच्या आसपास मुंबई सोडतात. पावसानं हवेतली धूळ धुऊन काढलेली असते, ढग पांगलेले असतात, आकाश स्वच्छ निळं होतं. नद्यांचा गाळ तळाशी बसतो, पाणी नितळतं. घाटावर मूग, उडीद, बाजरी घरात आलेली असते. कोकणात आणि मावळात भात पिवळं पडत असतं. पठारावरचा शेतकरी रब्बीच्या ज्वारीसाठी वापसा पाहत असतो. आश्विन आणि कार्तिक मिळून होतो तो हा शरद ऋतू.

थंड देशांत या काळात पानगळ होते आणि तिथल्या शरदावर निरोपाची छाया असते. आपला शरद भरल्या घराचा आहे. वैदिक आशीर्वादात माणसाचं आयुष्य शंभर शरदांनी मोजलं आहे. पावसाळ्यातली रोगराई आणि पूर पार करून नितळ आकाशाखाली उभं राहिलेल्या माणसाला वर्ष पदरात पडल्यासारखं वाटणं साहजिकच आहे.

तरी हा ऋतू निर्धास्त नाही. दिवसा ऊन भाजून काढतं, रात्री गारवा पडतो. आयुर्वेद शरदाला पित्तप्रकोपाचा काळ मानतो. परतीचा पाऊस रेंगाळला तर कापणीला आलेलं भात आडवं होतं, सोयाबीनच्या शेंगांना मोड येतात. पीक दिसतंय, पण अजून घरात आलेलं नाही, अशा या दिवसांत मन थाऱ्यावर ठेवण्याचा जो मार्ग आपल्या लोकांनी घडवला, तो मला फार मोलाचा वाटतो. पाटावर हत्ती काढायचा, देवघरात धान्य पेरायचं, लोंब्यांचं तोरण बांधायचं, किल्ला रचायचा, वाती वळायच्या. यातली प्रत्येक गोष्ट हातानं करायची, कुणाला तरी उद्देशून करायची आणि शेवटी सोडून द्यायची. कृतज्ञता मनात दाटून येईल तेव्हा येईल, अशी वाट इथं कुणी पाहत बसत नाही. आधी हात कामाला लागतात, मन त्यांच्या मागून येतं.

हत्तीभोवतीचा फेर

सूर्य २६-२७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त नक्षत्रात जातो आणि साधारण दोन आठवडे तिथं असतो. शेतकरी या दिवसांतल्या पावसाला हत्तीचा पाऊस म्हणतो. हा पाऊस जमिनीत जी ओल ठेवून जातो, तिच्यावर कोरडवाहू रब्बीची ज्वारी आणि हरभरा उभा राहतो. म्हणूनच मुली पाटावर रांगोळीनं किंवा धान्यानं हत्ती काढतात, त्याची पूजा करतात आणि त्याच्याभोवती फेर धरतात.

पुण्यामुंबईकडे याला भोंडला म्हणतात आणि तो बहुधा नवरात्रात होतो. दक्षिण महाराष्ट्रात हादगा म्हणतात. तो सोळा दिवस चालवण्याची रीत आहे. विदर्भ आणि खानदेशात याच सुमाराला भुलाबाई असते. भुलाबाई आणि भुलोजी यांच्या मातीच्या मूर्ती मांडून भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज संध्याकाळी गाणी होतात. शेवटी खिरापत. डबा झाकलेला असतो, आत काय आहे ते ओळखल्याशिवाय तो उघडायचा नाही, आणि घरची बाई कुणाला ओळखता येणार नाही असा पदार्थ करण्यात आपलं कसब पणाला लावते.

या गाण्यांत पावसाची स्तुती थोडी आणि सासर-माहेर फार असतं. सासूचा जाच, माहेरची ओढ, कामाचा धबडगा, मध्येच अर्थहीन यमकांची धमाल. पुष्कळांना हे उत्सवाशी विसंगत वाटेल. मला यात मोठं शहाणपण दिसतं. ज्या बाईला एरवी ओठ उघडायची मुभा नव्हती, तिला ऋतूनं वर्षातून काही संध्याकाळी चारचौघींत, तालासुरात, नाव न घेता बोलायची जागा दिली. दुःख गिळून मानलेले आभार खोटे असतात. इथं आधी मन मोकळं होतं, मग खिरापत वाटली जाते. शांततेकडे जाणारी वाट तक्रारीला टाळून जात नाही, हे भोंडल्याला ठाऊक आहे.

घटातली नऊ दिवसांची शेती

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसतात. पत्रावळीवर किंवा परडीत शेतातली काळी माती पसरतात, तिच्यात गहू, ज्वारी आणि घरात असतील ती इतर धान्यं पेरतात, मधोमध पाण्यानं भरलेला मातीचा घट ठेवतात. घटाच्या तोंडाशी विड्याची किंवा आंब्याची पानं आणि नारळ, शेजारी नऊ दिवस तेवणारा नंदादीप, आणि वर दररोज एक नवी माळ.

या मांडणीत सुरेख शास्त्र आहे. न चकाकवलेल्या मातीच्या भांड्याला सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून पाणी हळूहळू पाझरतं आणि भोवतीची माती ओलसर राहते. घट धातूचा असेल तर पाणी वरून शिंपावं लागतं, आणि हात सैल सुटला की बी कुजतं, बुरशी धरते. देवघरात ऊन पोहोचत नाही, त्यामुळे कोंबांत हरितद्रव्य तयार होत नाही. ते बियाण्यात साठलेल्या अन्नावर वाढतात, प्रकाशाच्या शोधात भराभर उंच होतात आणि फिकट पिवळे दिसतात. दसऱ्याला हेच धान देवाला वाहतात आणि टोपीत किंवा फेट्यात खोवतात. रब्बीच्या पेरणीआधी घरातलं बियाणं कसं उगवतं हे डोळ्यांसमोर दिसण्याची सोयही यात आपोआप होते.

माळेसाठी लागणारा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या काळात तो भारतात आला आणि इथल्या शरदात इतका मिसळला की त्याच्याविना दसऱ्याची कल्पनाच करता येत नाही. श्रद्धेला नव्या गोष्टींचं वावडं नसतं. मनापासून वाहिलेलं परदेशी फूलही काही पिढ्यांत देवाच्या घरचं होऊन जातं.

घट बसवणाऱ्या माणसाला नऊ दिवस एक साधं काम असतं: पाणी बघायचं, दिवा बघायचा, माळ ओवायची. कोंब ओढून वाढत नाहीत, घाई करून उपयोग नसतो. रोज त्याच वेळी त्याच जागी जाऊन थोडंसं काम करायचं आणि बाकीचं मातीवर सोपवायचं, ही सवयच मनाला विसावा देते.

मग खंडेनवमी. या दिवशी शेतकरी नांगर-विळ्याची, सुतार करवत-रंध्याची, शिंपी मशीनची, रिक्षावाला रिक्षाची पूजा करतो. मुलं पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढतात आणि पुस्तकं तिच्यापुढं ठेवून अभ्यासाला सुट्टी देतात. वर्षभर ज्या वस्तूंना आपण राबवतो, त्यांना एक दिवस पुसून, तेल देऊन, हळदकुंकू लावून स्वस्थ ठेवणं म्हणजे आपल्या पोटामागं आणखी कुणाकुणाचे कष्ट आहेत, हे मान्य करणं.

ज्याचं देणं त्याला

आपल्या शरदातल्या कृतज्ञतेचा एक विशेष असा की ती मोघम नसते, तिला नाव-पत्ता असतो. ‘सगळ्यांचे आभार’ म्हणून इथं भागत नाही.

कोकणात आश्विन पौर्णिमा ही नव्याची पौर्णिमा. नव्या भाताच्या लोंब्या, नाचणी-वरीची कणसं, कुरडूची फुलं, झेंडू आणि आंब्याची पानं एकत्र बांधून दाराला ‘नवं’ लावतात. नव्या तांदळाचा पहिला घास देवाला दाखवल्याशिवाय घरात शिजत नाही. एरवी शेताच्या बांधावर दुर्लक्षित असणाऱ्या कुरडूला त्या दिवशी तांदळाच्या बरोबरीनं मान मिळतो.

आश्विन वद्य द्वादशीला वसुबारस. गाय-वासराची पूजा होते, आणि अनेक घरांत बायका त्या दिवशी दूध आणि दुधाचे पदार्थ वर्ज्य करतात. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खातात. वर्षभर ज्या दुधावर आपण हक्क सांगतो, ते मुळात वासराचं आहे, हे ताटातून आठवून दिलं जातं. याच दिवशी अकोले, नाशिक, पालघर भागातले महादेव कोळी, वारली, कोकणा असे आदिवासी समाज वाघबारस करतात. ते वाघदेवाला नैवेद्य दाखवतात. रानावर आपल्याइतकाच त्याचाही हक्क आहे, त्यानं गुराढोरांना सांभाळून घ्यावं, अशी त्याला विनवणी असते. ज्याची भीती वाटते त्याच्याशीही हे लोक नातं राखतात. मला वाटतं, एवढी धीट कृतज्ञता शहरात आपल्याला अजून शिकायची आहे.

भात तयार झालं की वारली पाड्यांवर तारपा वाजू लागतो. वाळलेला दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाचं पान यांपासून हे वाद्य घरीच घडवतात. त्याच्याभोवती एकमेकांच्या कमरेत हात गुंफून चालणारा नाच वारली चित्रांतून जगभर गेला. हे चित्र पूर्वी लग्नघराच्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठानं काढत. जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर आणि कापडावर आणलं, आणि २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कला, पीक आणि देव यांची तिथं तीन खाती नाहीत. ज्या तांदळानं पोट भरतं, त्याच तांदळानं देवतेचा चौक रेखला जातो.

वाती, काकडा आणि संतांचे हात

कार्तिकात रात्र आणखी मोठी होत जाते आणि दिव्यांचं काम वाढतं. जुन्या घरांच्या परसात देवकापशीचं झाड असे. तिची बोंडं आणायची, सरकी काढायची, कापूस बोटांनी मोकळा करायचा, धागा ओढायचा, बोटांना चिमूटभर राख लावून वात वळायची. समईची लांब वात वेगळी, निरांजनाची फुलवात वेगळी. त्रिपुरारी पौर्णिमेला साडेसातशे वातींचा त्रिपूर लावण्याची रीत आहे. कुणी लक्ष वातींचा संकल्प करतात आणि तो महिनोन्‌महिने पुरा करत राहतात.

वात म्हणजे अगदी लहान गोष्ट, पण तिला नेम लागतो. कापसाच्या तंतूंमधल्या बारीक फटींतून तेल वर चढतं. वात फार घट्ट पिळली तर फटी बंद होतात आणि ज्योत मंदावते. फार सैल राहिली तर ती भराभर जळून जाते आणि काजळी धरते. हा पीळ नेमका किती, हे तोंडानं सांगता येत नाही, बोटांनाच शिकावं लागतं. एकदा बोटं शिकली की तोंड रिकामं होतं, आणि त्या रिकाम्या तोंडात नाम येतं. आपल्या आज्या वाती वळताना विष्णुसहस्रनाम म्हणत किंवा अभंग गुणगुणत, त्यात हात आणि श्रद्धा यांची सहज पडलेली गाठ होती.

बऱ्याच गावांत कोजागिरीपासून त्रिपुरारी पौर्णिमेपर्यंत पहाटे काकडा असतो. कापडाचा पीळ तेला-तुपात भिजवून पेटवायचा आणि देवाला ओवाळायचा. भूपाळ्या, वासुदेव, गौळणी असा भजनाचा क्रम ठरलेला. गावातली टाळकरी मंडळी दिवसभराच्या कापणी-मळणीआधी हा तास देवाला देतात. दिवसाची सुरुवात मागण्यानं न करता गाण्यानं करण्याचा हा सामुदायिक सराव महिनाभर चालतो. मध्ये कार्तिकी एकादशीला पंढरपूरची वारी आणि काकडा संपल्यावर वद्य पक्षात आळंदीची. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये कार्तिक वद्य त्रयोदशीला तिथं समाधी घेतली.

वारकरी परंपरेनं एक गोष्ट ठामपणे सांगितली, की हातातलं काम बाजूला ठेवून देवाकडे जायचं नसतं. अरणचे सावता माळी भाजीचा मळा हीच पंढरी मानत. तेरचे गोरा कुंभार माती तुडवताना नामात रंगत. नामदेव शिंपी, नरहरी सोनार, आणि दळताना-कांडताना अभंग रचणारी जनाबाई. या सगळ्यांच्या रचनांत त्यांच्या धंद्याची हत्यारं आणि भाषा आहे. सातशे वर्षांपूर्वी या माणसांनी सर्जन, श्रम आणि भक्ती एकाच धाग्यात ओवली. आपल्या शरदातल्या सणांना तो धागा आजही बांधून आहे.

संशोधन काय सांगतं

कृतज्ञतेचा मनावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅक्‌कलॉ या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटानं दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, ज्यांबद्दल कृतज्ञ वाटतं अशा पाचपर्यंत गोष्टी लिहिल्या. दुसऱ्या गटानं कटकटी लिहिल्या. पहिल्या गटाला आपलं आयुष्य अधिक चांगलं वाटू लागलं आणि शरीराच्या तक्रारीही कमी झाल्या. गिरिजा कैमल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ३९ प्रौढांना ४५ मिनिटं मातीकाम, चित्र, चिकटकाम असं हवं ते करू दिलं. सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित संप्रेरक, कमी झालं. पूर्वी कला शिकलेले आणि न शिकलेले यांच्यात फारसा फरक दिसला नाही. आणि लुचियानो बर्नार्दी यांच्या गटानं २००१ मध्ये दाखवलं की जपमाळेवरची लॅटिन प्रार्थना किंवा ‘ॐ मणि पद्मे हूँ’ हा मंत्र म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ होतो, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते.

हे छोटे अभ्यास आहेत आणि त्यांच्यावर श्रद्धेचा डोलारा उभा करू नये. श्रद्धेला त्याची गरजही नाही. पण त्यांतून एक दिलासा मिळतो. उपकार मोजणं, हातानं काही घडवणं आणि लयीत नाम घेणं, या तिन्ही गोष्टी सुट्या सुट्याही माणसाला शांत करू शकतात. वाती वळणारी आजी तिन्ही एकदम करत होती.

सोडून देण्याची शिकवण

या सगळ्या निर्मितीत ठेवण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. शिरगोळ्याच्या पांढऱ्या भुकटीची रांगोळी संध्याकाळपर्यंत पुसली जाते. मुलं दगड, पोती आणि चिखल यांतून दिवाळीचा किल्ला रचतात, गेरूनं रंगवतात, उतारावर हळीव पेरतात. हळिवाचं बी भिजलं की बुळबुळीत होऊन मातीला चिकटतं, म्हणून ते कड्यावरही टिकतं आणि थोड्याच दिवसांत किल्ला हिरवा होतो. दिवाळी संपली की तो मोडायचा. गोव्यात तरुण मंडळी बांबू, गवत आणि कागद लावून नरकासुराच्या भल्यामोठ्या प्रतिमा घडवतात, नरक चतुर्दशीच्या पहाटे त्या जाळतात आणि घरी येऊन फोव म्हणजे पोहे खातात. घटाचं विसर्जन होतं, वात जळून जाते.

जी वस्तू टिकणारच नाही, ती इतरांपेक्षा सरस झाली का, ही चिंताही टिकत नाही. मन करण्यात रमतं. आज आपण प्रत्येक कलाकृतीचा फोटो काढून शाबासकीची वाट पाहतो, तेव्हा या रीतीचं मोल मला अधिकच जाणवतं.

यात एक अन्यायही शिरला आहे आणि तो दूर करायला हवा. ही सारी नाजूक कामं घरातल्या बाईच्या डोक्यावर पडली, आणि तिच्यासाठी सण म्हणजे दमणूक झाली. विधवांना सुवासिनींच्या कार्यापासून लांब ठेवलं गेलं. ज्या आभारप्रदर्शनात राबणाऱ्या हातांनाच विसावा नाही आणि घरातलंच माणूस बाहेर उभं आहे, ते अपुरं आहे. घरातल्या पुरुषांनी आणि मुलग्यांनी वाती वळाव्यात, माळा ओवाव्यात, फराळाची पोळपाट-कढई हाती घ्यावी. शांतता मिळते ती ज्याचे हात कामात आहेत त्याला, पण काम वाटून घेतलं तरच.

ज्यांच्या घरात परस नाही, शेत नाही, त्यांनाही हा ऋतू खुला आहे. परदेशातली मराठी मंडळं सभागृहात पाट मांडून भोंडला करतात. ऑस्ट्रेलियात तर त्या वेळी वसंत असतो, तरी फेर धरला जातो. गॅलरीतल्या कुंडीतली मूठभर माती आणि डब्यातले चार दाणे घटाला पुरतात. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद आणला की मुलांबरोबर एका रविवारी आकाशकंदील होतो. ज्यांचा देवावर विश्वास नाही, त्यांनी हात जोडण्याऐवजी ज्याच्या कष्टाचं खाल्लं त्याचं नाव घ्यावं. भाजीवाली, कचरा उचलणारा, शाळेतली बाई यांच्यापैकी एकाला आपल्या हातची वस्तू नेऊन द्यावी. नाव ठरवणं, हातानं करणं आणि देऊन टाकणं, एवढं केलं तरी शरदाचं मर्म साधतं.

आभार मानायला वर्ष चांगलं जावं लागतं, ही समजूत सोडली पाहिजे. ज्यांनी ही रीत घडवली त्यांची पिकं अनेकदा परतीच्या पावसानं नेली, त्यांच्या घरात अकाली मृत्यू झाले, आणि तरीही पुढच्या आश्विनात त्यांनी घट बसवला, कारण पेरण्यापुरती माती आणि बी त्यांच्याजवळ होतं. त्यांची कृतज्ञता मिळकतीच्या हिशेबावर बेतलेली नव्हती. जे उरलंय त्याच्याशी नातं न तोडण्याचा तो निश्चय होता, आणि रोज थोडं थोडं हातानं करत राहिल्यामुळे तो टिकला. आपल्या धावपळीच्या, धास्तावलेल्या काळाला याहून मोठा वारसा हवा असेल असं मला वाटत नाही. तो मिळवायला काही विकत आणावं लागत नाही. या आश्विनात एक काम निवडून ते नेमानं सुरू करावं लागतं.